निरोगी दिसणाऱ्या उंदरातला विषाणू: प्रयोगशाळेतील संसर्ग ओळखण्याची, रोखण्याची आणि हटवण्याची पद्धत

१९६० च्या सुमारास व्हर्नन रायली आणि त्यांचे सहकारी उंदरांमधला कर्करोग लवकर ओळखता येईल अशी एखादी खूण रक्तात शोधत होते. ट्यूमर रोपलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात लॅक्टेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमची पातळी काही दिवसांतच पाच ते दहा पटींनी वाढते, असे त्यांना दिसले. खूण सापडली असे वाटावे, अशीच ही आकडेवारी होती. मात्र ट्यूमर पुरता वाढण्याआधीच एन्झाइम वाढलेले असे, आणि अशा उंदराचा पेशीविरहित रक्तद्रव ट्यूमर नसलेल्या उंदराला टोचला, तरी त्याच्या रक्तातही तीच वाढ दिसे. एन्झाइम वाढण्याचे कारण ट्यूमर नव्हते. ट्यूमरच्या पेशींबरोबर एका उंदरातून दुसऱ्या उंदरात जाणारा विषाणू होता. त्या विषाणूचे नावच पुढे लॅक्टेट डिहायड्रोजनेज वाढवणारा विषाणू, थोडक्यात एलडीव्ही, असे पडले.

एलडीव्हीची बाधा झालेला उंदीर खातो, पितो, खेळतो, त्याला पिल्ले होतात, आणि विषाणू मात्र त्याच्या रक्तात आयुष्यभर राहतो. पिंजऱ्याकडे पाहून त्याच्यात काही बिघडले आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतील कृंतकांच्या, म्हणजे उंदीर, रॅट, हॅम्स्टर यांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, विषाणुसंसर्गाचा खरा प्रश्न इथेच आहे. प्राणी मेले किंवा मलूल झाले तर प्रयोग थांबतो आणि नुकसान डोळ्यांसमोर असते. प्राणी ठणठणीत दिसत राहिले, तर प्रयोग पूर्ण होतो, आकडे मिळतात, आलेख निघतात, आणि त्या आकड्यांत विषाणूचा वाटा किती होता हे कोणी विचारत नाही. म्हणून पुढील पद्धत आजारी उंदीर कसा ओळखावा यासाठी नसून, निरोगी दिसणाऱ्या उंदरावर विसंबण्याआधी काय काय करावे यासाठी आहे. ती प्राणिगृहाचे व्यवस्थापन पाहणाऱ्यांइतकीच, पिंजरे स्वतः न हाताळणाऱ्या संशोधकांसाठीही लिहिली आहे. या लेखात माउस या प्रजातीसाठी उंदीर हा शब्द वापरला आहे आणि रॅटला रॅटच म्हटले आहे.

पहिली पायरी: आपल्या मोजमापाला कोणता विषाणू बाधतो ते ठरवा

विषाणूंची लांबलचक यादी समोर ठेवून सुरुवात करू नये. आपण काय मोजणार आहोत, तिथून सुरुवात करावी, कारण एकच विषाणू एका प्रयोगात नगण्य असतो आणि दुसऱ्या प्रयोगाचा पाया उखडून टाकतो.

प्रतिकारशक्ती किंवा ट्यूमर यांवर काम असेल, तर पार्व्होव्हायरसांना यादीत सर्वांत वर ठेवावे. हे अतिशय लहान, मेदाचे आवरण नसलेले विषाणू असतात आणि विभाजन होत असलेल्या पेशींमध्येच वाढतात. वेगाने विभाजित होणाऱ्या लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी; टी-पेशी हा त्यांचाच एक प्रकार) आणि ट्यूमरच्या पेशी हीच त्यांची आवडती जागा असते. माउस पार्व्होव्हायरसचा शोधही याच वाटेने लागला: १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी-पेशींच्या वसाहती अकारण खुंटू लागल्या, आणि कारण शोधताना त्या पेशींतच हा विषाणू सापडला. बाधित उंदरात कोणतेही लक्षण दिसत नाही, पण टी-पेशींचे वर्तन बदलते आणि त्वचेच्या किंवा ट्यूमरच्या रोपणाला शरीर जो प्रतिसाद देते तोही बदलतो. ट्यूमर नाहीसा झाला म्हणून आपण औषधाला श्रेय देतो, तेव्हा त्या श्रेयाचा एक वाटेकरी पिंजऱ्यात लपलेला असू शकतो.

यकृत, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) किंवा संसर्गाला मिळणारा प्रतिसाद यांचा अभ्यास असेल, तर माउस हेपॅटायटिस व्हायरसकडे लक्ष द्यावे. नावात यकृतदाह असला, तरी कोरोनाव्हायरस कुळातल्या या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. काही प्रकार नाकातून शिरून यकृत, मेंदू आणि लसिका ग्रंथींपर्यंत पसरतात, तर प्राणिगृहांत अधिक आढळणारे प्रकार आतड्यातच राहतात. प्रतिकारशक्ती शाबूत असलेला प्रौढ उंदीर काही आठवड्यांत विषाणूपासून मोकळा होतो आणि त्याच्यात लक्षणे जवळपास दिसतच नाहीत; प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर मात्र झिजत जातो आणि अखेरपर्यंत विषाणू बाहेर टाकत राहतो. जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या वसाहतीत ही दुसरी स्थिती वारंवार येते, कारण कोणत्या बदलामुळे प्रतिकारशक्तीचा कोणता धागा तुटला आहे, हे पुष्कळदा आपल्याला आधी ठाऊक नसते.

फुप्फुसांवर काम करणाऱ्यांनी सेंदाई विषाणू आणि न्यूमोनिया व्हायरस ऑफ माइस यांचा विचार करावा. जपानमधील सेंदाई शहरावरून नाव मिळालेला पहिला विषाणू हवेतून आणि थेट संपर्कातून झपाट्याने पसरतो. तो दोन-तीन आठवड्यांत शरीरातून जातो, पण श्वासनलिकांच्या अस्तरावर आणि फुप्फुसाच्या रचनेवर त्याचा ठसा नंतरही राहतो. १२९ आणि डीबीए/२ या स्ट्रेनच्या, म्हणजे ठरावीक वंशांच्या, उंदरांना तो गंभीर आजारी पाडतो, तर सी५७बीएल/६ उंदीर त्याला बराच दाद देत नाहीत. दोन स्ट्रेनची तुलना करणाऱ्या प्रयोगात हा फरक जनुकांच्या नावावर सहज खपून जाऊ शकतो.

आतड्याचा दाह, आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टी किंवा जन्मजात प्रतिकारशक्ती हा विषय असेल, तर माउस नोरोव्हायरस हा प्रश्न सोडवलाच पाहिजे. २००३ मध्ये प्रतिकारशक्तीतील दोन महत्त्वाचे दुवे तुटलेल्या उंदरांत तो प्रथम ओळखला गेला, आणि पुढे जगभरच्या प्राणिगृहांत तो किती पसरलेला आहे हे कळले. साध्या उंदराला त्याने काही होत नाही, म्हणून अनेक ठिकाणी त्याच्यासह जगण्याचा निर्णय घेतला जातो. तो निर्णय प्रत्येक प्रयोगाला मात्र मानवत नाही. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराशी संबंधित असलेल्या एटीजी१६एल१ या जनुकात बदल असलेल्या उंदरांच्या आतड्यातील पॅनेथ पेशींमध्ये दिसणारी विकृती या विषाणूच्या विशिष्ट प्रकाराची बाधा असेल तरच दिसते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जनुक तेच आणि उंदीर तोच असताना, विषाणू आहे की नाही यावर निष्कर्ष उलटतो. माझ्या मते या विषयावर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगण्याजोगे याहून बोलके उदाहरण नाही.

रॅट वापरणाऱ्यांची यादी थोडी वेगळी असते. सायलोडॅक्रिओॲडेनायटिस विषाणू हा रॅटचा कोरोनाव्हायरस लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींना सूज आणतो. मान फुगते, डोळ्यांभोवती लालसर स्राव दिसतो, आणि आठवडाभरात सारे ओसरते. डोळ्यांवरचे काम, खाण्याच्या प्रमाणावरचे काम आणि भूल देऊन करावयाची शस्त्रक्रिया या तिन्हींना तो बाधक आहे. १९५९ मध्ये वर्णन झालेला किलहॅम रॅट व्हायरस हा पार्व्होव्हायरस एरवी गुपचूप राहतो, पण मधुमेहाकडे झुकणाऱ्या एका विशिष्ट रॅट-वंशात, स्वादुपिंडाच्या बीटा पेशींना स्वतः बाधा न करताही, तो टाइप १ मधुमेहाला तोंड फोडतो.

दोन विषाणूंच्या बाबतीत प्रश्न प्रयोगापुरता राहत नाही, कारण ते माणसाला बाधतात. लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू उंदरांतून आणि हॅम्स्टरांतून माणसात येतो. त्याने मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो आणि गर्भवती स्त्रीला बाधा झाल्यास गर्भाची गंभीर हानी होऊ शकते. १९७० च्या दशकात अमेरिकेत ट्यूमर रोपलेल्या हॅम्स्टरांमुळे प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना त्याची लागण झाली होती. रॅटमधून येणाऱ्या हंटाव्हायरसांनीही जपान आणि कोरियातील प्रयोगशाळांत माणसे आजारी पडली आहेत. या दोन विषाणूंची तपासणी प्रयोगाचा विषय कोणताही असला तरी वगळता येत नाही.

दुसरी पायरी: आरोग्य अहवाल खरोखर वाचा

प्राण्यांबरोबर येणाऱ्या अहवालावर "एसपीएफ" असे लिहिलेले असते, आणि बहुतेकजण तिथेच वाचन थांबवतात. एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त, आणि ठरावीक म्हणजे त्या संस्थेने स्वतः ठरवलेले. एका संस्थेच्या यादीत नोरोव्हायरस असतो, दुसरीच्या नसतो, आणि दोन्ही पाट्यांवरची अक्षरे मात्र तीच असतात. अहवालात नाव नसलेला विषाणू "आढळला नाही" असा धरू नये. तो "शोधलाच नाही" असा धरावा.

अहवाल हाती आल्यावर पुढील गोष्टी त्याच क्रमाने पाहाव्यात. तो आपले प्राणी ज्या खोलीतून आले त्याच खोलीचा आहे का, की संपूर्ण संस्थेचा आहे? शेवटची तपासणी कधी झाली, आणि त्याआधीच्या बारा ते अठरा महिन्यांचे निकाल दिले आहेत का? किती प्राणी तपासले आणि ते वसाहतीतलेच होते की पहारेकरी म्हणून, म्हणजे केवळ संसर्ग टिपण्यासाठी, ठेवलेले? प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) शोधली की पीसीआर या चाचणीने विषाणूचे जनुकद्रव्य शोधले? यांपैकी एखादे उत्तरही अहवालात नसेल, तर प्राणी मागवण्याआधी ते लेखी विचारावे.

तिसरी पायरी: विषाणू येण्याच्या वाटा बंद करा

जिवंत प्राणी ही सर्वांना दिसणारी वाट आहे. बाहेरून आलेल्या प्राण्यांना किमान चार ते आठ आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या हवेत आणि वेगळ्या साहित्यासह ठेवावे. या काळाच्या सुरुवातीला विष्ठा आणि तोंडातील नमुन्यांची पीसीआर करावी आणि शेवटी रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत. संसर्ग झाल्यापासून प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात. प्रवासात लागण झालेला उंदीर आल्या दिवशीच्या रक्ततपासणीत निर्दोषच दिसणार.

याहून अधिक काळजी करावी अशी दुसरी वाट शीतपेटीतून येते. रोपणासाठी आणलेल्या ट्यूमरच्या पेशी, हायब्रिडोमा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या संकरित पेशी), उंदराचा रक्तद्रव, पेशींना आधार देण्यासाठी वापरले जाणारे उंदराच्या ट्यूमरपासून बनवलेले जेल, दुसऱ्या प्रयोगशाळेने प्रेमाने पाठवलेली छोटीशी नळी: या सर्वांत विषाणू वर्षानुवर्षे गोठलेल्या अवस्थेत टिकतो. उंदरांतील देवीसारखा आजार घडवणारा एक्ट्रोमेलिया विषाणू १९३० मध्ये लंडनमध्ये प्रथम ओळखला गेला. अमेरिकेत १९९५ आणि १९९९ मध्ये त्याचे जे उद्रेक झाले, ते उंदरांमधून नव्हे, तर विकत घेतलेल्या उंदराच्या रक्तद्रवातून आल्याचे सिद्ध झाले. एलडीव्हीचा तर प्रसारच मुख्यतः रोपलेल्या ट्यूमरमधून होतो. त्यामुळे नियम एकच ठेवावा: कृंतकापासून निघालेले, किंवा कधीही कृंतकाच्या शरीरातून गेलेले कोणतेही द्रव्य प्राण्याला टोचण्याआधी पीसीआरने तपासले गेले पाहिजे. पूर्वी असे द्रव्य स्वच्छ उंदरांना टोचून त्यांच्यात प्रतिपिंडे तयार होतात का ते पाहिले जाई. पीसीआर अधिक जलद आहे आणि तीत प्राणीही खर्ची पडत नाहीत. तपासलेल्या पेशींची एक मूळ साठवण करून पुढचे सर्व प्रयोग तिच्यातूनच करावेत, नाहीतर एकदा केलेली तपासणी पुढच्या वर्षी निरर्थक ठरते.

माणसांच्या बाबतीत हालचालीचा क्रम सर्वांत उपयोगी पडतो. दिवसाचे काम प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांपासून सुरू करावे, मग स्वच्छ प्रजनन वसाहत, मग सामान्य प्रयोगाच्या खोल्या, आणि शेवटी विलगीकरणाची खोली. त्या दिवशी परत मागे फिरू नये. घरी उंदीर, रॅट किंवा हॅम्स्टर पाळणाऱ्याने प्राणिगृहात काम करू नये. वर्तनाच्या चाचण्यांची उपकरणे, इमेजिंगचे यंत्र, भूल देण्याची पेटी आणि वजनकाटा यांकडे प्राणिगृहाचे नियम पुष्कळदा पोहोचतच नाहीत, कारण ही साधने संशोधकांच्या ताब्यात असतात आणि चार खोल्यांतले प्राणी एकाच पृष्ठभागावरून जातात. दोन गटांच्या मध्ये ती पुसणे हे संशोधकाचेच काम आहे.

खाद्य आणि बेडिंग (पिंजऱ्यातले अंथरूण) वाफेने किंवा किरणांनी निर्जंतुक केलेलेच वापरावे, विशेषतः पार्व्होव्हायरसाच्या भीतीमुळे. इमारतीत रानटी उंदीर शिरत असतील तर बाकीची सर्व शिस्त वाया जाते.

पुसण्यासाठी काय वापरावे, हे विषाणूच्या बांधणीवर अवलंबून असते. कोरोनाव्हायरस, सेंदाई, एक्ट्रोमेलिया यांना मेदाचे आवरण असते. साबण आणि अल्कोहोल यांनीही ते लवकर निष्क्रिय होतात. पार्व्होव्हायरसांना असे आवरण नसते, आणि नोरोव्हायरस व रोटाव्हायरस यांनाही नसते. अल्कोहोल किंवा अमोनियम संयुगांची जंतुनाशके पार्व्होव्हायरसांपुढे अपुरी पडतात. तिथे ताजे क्लोरीनयुक्त द्रावण, क्लोरीन डायऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचे यंत्र) लागतो, आणि त्याआधी विष्ठा व धूळ घासून काढावी लागते. हातमोज्यांवर अल्कोहोल फवारून पुढचा पिंजरा उघडण्याची सर्वत्र रुळलेली सवय या विषाणूंच्या बाबतीत केवळ समाधान देते. अशा वेळी हातमोजे बदलावेत.

चौथी पायरी: पाळत ठेवण्याची योजना आखा

किती प्राणी तपासावेत, याचे गणित साधे आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावे. खोलीत शंभराहून अधिक प्राणी असतील आणि त्यांच्यात संसर्ग सारखा विखुरलेला असेल, तर किमान एक बाधित प्राणी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास लागणारी संख्या अशी काढतात: ०.०५ चा लॉगरिदम घ्यावा आणि त्याला, एकातून बाधितांचे प्रमाण वजा करून उरलेल्या संख्येच्या लॉगरिदमने भागावे. निम्मे प्राणी बाधित असतील तर ५ प्राणी पुरतात. ३० टक्के बाधित असतील तर ९ लागतात, १० टक्क्यांना २९ आणि ५ टक्क्यांना ५९. म्हणजे पाच उंदीर तपासून "खोली स्वच्छ आहे" असे म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात एवढेच सिद्ध केलेले असते की तिथे निम्मे किंवा त्याहून अधिक उंदीर बाधित असण्याचा संभव फार कमी आहे.

हे गणितही उघड्या पिंजऱ्यांच्या काळातले आहे. प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र गाळलेली हवा देणाऱ्या आयव्हीसी रॅकमध्ये संसर्ग सारखा विखुरत नाही. तो दोन-तीन पिंजऱ्यांत अडकून राहतो आणि शेजारच्या पिंजऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. प्राण्यांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट असली, तरी पाळत ठेवण्याच्या दृष्टीने अवघड आहे, कारण यादृच्छिक निवडलेल्या नमुन्यांतून तो सहज निसटतो.

यावर रूढ उपाय पहारेकरी उंदरांचा. रॅकच्या प्रत्येक बाजूला एक पिंजरा पहारेकऱ्यांसाठी राखतात आणि दर वेळी पिंजरे बदलताना त्या बाजूच्या सर्व पिंजऱ्यांतले थोडे थोडे वापरलेले बेडिंग त्यात टाकतात. पहारेकरी म्हणून तीन-चार आठवड्यांच्या, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या, बहुवंशी स्ट्रेनच्या माद्या घ्याव्यात. सी५७बीएल/६ हाताशी असतात म्हणून त्याच वापरण्याचा मोह टाळावा, कारण माउस पार्व्होव्हायरसाला हा स्ट्रेन फारसा दाद देत नाही आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडे दिसतीलच असे नाही. पहारेकरी किमान आठ ते बारा आठवडे बेडिंगच्या संपर्कात राहिले पाहिजेत. बेडिंग टाकण्याचे काम घाईच्या दिवशी वगळले जाते. म्हणून प्रत्येक वेळची सही असलेला तक्ता रॅकवरच लावावा.

बेडिंगमधून सगळे विषाणू पोहोचत नाहीत. विष्ठेतून बाहेर पडणारे हेपॅटायटिस व्हायरस, नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस बऱ्यापैकी पोहोचतात. पार्व्होव्हायरस कधी पोहोचतो, कधी नाही. सेंदाईसारखा हवेतून आणि संपर्कातून पसरणारा विषाणू जवळपास पोहोचत नाही, आणि एलडीव्हीला ही वाटच नाही. त्यामुळे केवळ पहारेकऱ्यांवर विसंबणारी योजना मला अपुरी वाटते. रॅकमधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या नळीत साचणारी धूळ पुसून तिची पीसीआर करणे ही अलीकडची पद्धत अनेक विषाणूंसाठी पहारेकऱ्यांपेक्षा अधिक संवेदनशील ठरली आहे. रॅकच्या रचनेमुळे ती शक्य नसेल, तर सर्व पिंजऱ्यांतले बेडिंग एका रिकाम्या पिंजऱ्यात एकत्र करून त्यात शोषक पट्टी किंवा स्वॅब हलवून तीच पीसीआरला पाठवता येते. या दोन्ही पद्धतींत पहारेकरी म्हणून उंदरांचे आयुष्य खर्च होत नाही, आणि एवढे कारणही त्या स्वीकारण्यासाठी पुरेसे आहे. मात्र नळी आधी विषाणूमुक्त करून घ्यावी लागते, अन्यथा मागच्या वर्षीच्या मृत विषाणूचे जनुकद्रव्य यंदाच्या अहवालात उमटते.

किती वेळा तपासावे, यासाठी युरोपातील फेलासा या महासंघाच्या २०१४ च्या शिफारशी उपयोगी आहेत. उंदरांसाठी हेपॅटायटिस व्हायरस, रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, पार्व्होव्हायरस आणि थायलर विषाणू (उंदरांच्या आतड्यात राहणारा आणखी एक विषाणू) दर तीन महिन्यांनी, आणि सेंदाई, एक्ट्रोमेलिया, लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस यांसारखे आज क्वचित आढळणारे विषाणू वर्षातून एकदा तपासावेत, असा त्यांचा आशय आहे. ही किमान चौकट समजावी आणि आपल्या पहिल्या पायरीतल्या यादीनुसार ती वाढवावी.

पद्धत निवडताना एक भेद कधीही विसरू नये. एलायझा किंवा सूक्ष्ममण्यांवर आधारित बहुविध चाचणी रक्तातील प्रतिपिंडे मोजते. ती "या प्राण्याची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली" एवढेच सांगते. पीसीआर "या नमुन्यात आत्ता जनुकद्रव्य आहे" एवढेच सांगते. हेपॅटायटिस व्हायरसातून बरा झालेला उंदीर पहिल्या चाचणीत आयुष्यभर बाधित आणि दुसरीत स्वच्छ दिसतो. न्यूड, स्किड, रॅग किंवा एनएसजी हे जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर प्रतिपिंडे नीट तयारच करू शकत नसल्याने त्यांची रक्ततपासणी कायम स्वच्छ येते. त्यांच्यासाठी पीसीआरच हवी. याउलट दूध पिणाऱ्या किंवा नुकतेच दूध तोडलेल्या पिल्लांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात आणि पिल्लू बाधित नसतानाही ती दिसतात. पार्व्होव्हायरसाचा संशय असून विष्ठेत काही सापडत नसेल, तर आतड्याच्या आधारपटलातील लसिका ग्रंथींची पीसीआर करावी. विषाणू तिथे दीर्घकाळ टिकून राहतो.

पाचवी पायरी: निकाल बाधित आल्यास पहिल्या आठवड्यात काय करावे

सर्वप्रथम त्या खोलीतून प्राणी, पेशी आणि उपकरणे बाहेर जाणे थांबवावे, आणि दुसऱ्या संस्थांकडे अलीकडे पाठवलेल्या प्राण्यांची यादी काढून त्यांना त्याच दिवशी कळवावे. हे कळवणे अवघड वाटते, पण उशिराने कळवणे त्याहून कितीतरी अधिक महागात पडते.

त्यानंतर निकालाची खात्री करावी. एका पहारेकऱ्याच्या एकाच एलायझा निकालावर वसाहत नष्ट करू नये. त्याच नमुन्यावर इम्युनोफ्लुओरेसन्ससारखी दुसरी पद्धत वापरावी, त्याच पिंजऱ्यातल्या सोबत्यांचे रक्त तपासावे, आणि ज्या पिंजऱ्यांचे बेडिंग त्या पहारेकऱ्याकडे गेले त्या सर्वांच्या विष्ठेची पीसीआर करावी. दहा-दहा पिंजऱ्यांचे नमुने एकत्र तपासून बाधित गट पुन्हा वेगळे केल्यास खर्च बराच कमी होतो. या काळात खोलीचा नकाशा काढून कोणता पिंजरा कोणत्या संशोधकाचा, कुठून आला आणि कोणत्या उपकरणाकडे गेला, ते त्यावर नोंदवावे. संसर्गाचा उगम बहुधा प्रयोगशाळेच्या अहवालाआधी या नकाशावर दिसतो.

सहावी पायरी: विषाणू हटवण्याचा मार्ग निवडा

सर्व प्राणी काढून, खोली निर्जंतुक करून, नवे प्राणी आणणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. विकत मिळणाऱ्या स्ट्रेनसाठी तोच बहुधा योग्य ठरतो. एक्ट्रोमेलिया किंवा माणसाला बाधणारे विषाणू सापडल्यास इतर मार्गांचा विचार फार सावधपणे करावा.

आयव्हीसी रॅकमध्ये दोन-चार पिंजरेच बाधित असतील, तर तपासून बाधित तेवढे काढणे पार्व्होव्हायरसासाठीही साधते. त्यासाठी लागोपाठ किमान दोन-तीन फेऱ्या स्वच्छ येईपर्यंत प्रत्येक पिंजऱ्याची तपासणी करण्याची चिकाटी लागते.

हेपॅटायटिस व्हायरसासाठी प्रजनन थांबवण्याचा मार्ग उपलब्ध आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेले उंदीर त्यातून मुक्त होतात, म्हणून सहा ते आठ आठवडे नवी पिल्ले होऊ दिली नाहीत आणि नवे प्राणी आणले नाहीत, तर विषाणूला नवा यजमान मिळत नाही आणि साखळी तुटते. हा मार्ग प्रतिकारशक्ती कमी असलेल्या वसाहतीत चालत नाही, आणि नोरोव्हायरस किंवा पार्व्होव्हायरसासाठीही चालत नाही, कारण ते शरीरातून न जाता टिकून राहतात.

दुसरीकडे कुठेही न मिळणारी जनुकीय वाणे वाचवायची असतील, तर भ्रूण प्रत्यारोपण हा आजचा मान्य मार्ग आहे. भ्रूणाभोवतीचे कवच शाबूत आहे याची खात्री करून ते स्वच्छ द्रावणाच्या दहा थेंबांतून एकामागून एक धुतात आणि स्वच्छ मादीच्या गर्भाशयात ठेवतात. पार्व्होव्हायरस या कवचाला चिकटून राहू शकतो, म्हणून धुण्याच्या पायऱ्यांत काटकसर करू नये. पिल्ले झाल्यावर सर्वांत आधी त्या पोषक मादीची तपासणी करावी. ती स्वच्छ निघेपर्यंत पिल्ले विलगीकरणातच राहिली पाहिजेत. गर्भाशय काढून पिल्ले स्वच्छ मादीकडे देण्याची जुनी पद्धत लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणूसाठी वापरू नये, कारण तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. आतड्यातील विषाणूंसाठी, जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्ले पुसून स्वच्छ मादीकडे देण्याची साधी पद्धतही पुष्कळदा यशस्वी होते. ट्यूमरच्या पेशींत एलडीव्ही असेल, तर त्या पेशी प्रयोगशाळेतील माध्यमात काही पिढ्या वाढवाव्यात किंवा रॅटमधून नेऊन आणाव्यात. या विषाणूला वाढण्यासाठी उंदराचे विशिष्ट मॅक्रोफेज लागतात आणि ते न मिळाल्यास तो नाहीसा होतो. त्यानंतरची पीसीआर मात्र अनिवार्य समजावी.

सातवी पायरी: हाती असलेल्या आकड्यांचे काय करायचे ते ठरवा

खोलीत विषाणू सापडला त्या दिवशी संशोधकापुढचा सर्वांत कठीण प्रश्न मागच्या प्रयोगांचा असतो. त्याचे उत्तर देता यावे, यासाठी एक सवय आजपासून लावावी: प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येक पिंजऱ्यातली थोडी विष्ठा, आणि शक्य असेल तिथे थोडा रक्तद्रव, तारीख आणि पिंजऱ्याचा क्रमांक घालून उणे ८० अंशांवर ठेवून द्यावा. त्याला जागा थोडी लागते, पण दोन वर्षांनी प्रश्न उभा राहिला तर या नळ्या सोडून दुसरा कोणताही साक्षीदार उरलेला नसतो.

नमुने तपासल्यावर तीन शक्यता दिसतात. सर्व गट स्वच्छ असतील तर प्रश्न मिटला. एकच गट बाधित असेल, तर तुलनेचा आधारच गेला आणि तो प्रयोग पुन्हा करावा लागेल; सांख्यिकीच्या कोणत्याही दुरुस्तीने हे टळत नाही. सर्व गट सारखेच बाधित असतील, तर "दोन्हीकडे सारखेच आहे, म्हणजे फरक पडत नाही" हा युक्तिवाद केला जातो, आणि तोच सर्वांत फसवा आहे. बाधित उंदरात औषधाने दाखवलेला परिणाम स्वच्छ उंदरात दिसेलच असे नाही. एटीजी१६एल१ जनुकाच्या उदाहरणात नेमके हेच घडले होते. अशा वेळी आकडे वापरता येतात, पण निष्कर्ष बाधित उंदरांपुरताच मर्यादित ठेवावा लागतो आणि मुख्य प्रयोग स्वच्छ प्राण्यांत एकदा तरी पुन्हा करून पाहावा लागतो.

प्राण्यांवरील प्रयोग कसे नोंदवावेत हे सांगणाऱ्या, २०२० मध्ये सुधारलेल्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांत प्राण्यांचे आरोग्य आणि प्रतिकारशक्तीची स्थिती नमूद करण्याची अपेक्षा आहे. "प्राणी एसपीएफ सुविधेत ठेवले होते" एवढ्या वाक्याने ती पूर्ण होत नाही. पद्धतींच्या विभागात स्ट्रेन, मूळ स्रोत, पिंजऱ्याचा प्रकार, कोणत्या विषाणूंसाठी कोणत्या पद्धतीने आणि किती अंतराने तपासणी झाली, प्रयोगाच्या काळात काय आढळले आणि काय तपासलेच नाही, हे सारे चार-पाच वाक्यांत बसते. उदाहरणार्थ: "प्राणी स्वतंत्र हवा असलेल्या पिंजऱ्यांत ठेवले होते, रॅकच्या बाहेर पडणाऱ्या हवेतील धुळीची दर तीन महिन्यांनी पीसीआर केली, प्रयोगाच्या काळात माउस नोरोव्हायरस आढळला, माउस हेपॅटायटिस व्हायरस, रोटाव्हायरस, थायलर विषाणू आणि पार्व्होव्हायरस आढळले नाहीत, ॲस्ट्रोव्हायरसासाठी तपासणी केली नाही, रोपलेल्या पेशी वापरण्याआधी एलडीव्हीसह कृंतकांच्या विषाणूंसाठी तपासल्या होत्या."